खताला हात लावायचा नाही

आमच्या गावात चौदा घरं, धूर निघतो नवांतून.
उरलेल्या पाचांत कुलपं राहतात,
आणि जुलैत विल्नियसहून कुणाची तरी नातवंडं.
दर गुरुवारी दुकानाची गाडी येते :
ब्रेड, साखर, काडेपेट्या.
कुणाचं कुणाशी बिनसलं ती खबर
गाडीला आम्ही पुरवतो.

या खेपेची खबर मी होते.

झिग्मास आला ऑगस्टात,
माझीच हातगाडी ढकलत,
तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेलेली.
"अल्दोना, दोन गाड्या खत दे,
स्ट्रॉबेरीचे नवे वाफे करतोय."
नाही, म्हटलं.
"बरं, एक?"
एकही नाही. आत अंडी आहेत.
"कोंबडीची?"
सापाची.

पाहिलं होतं मी तिला, पावसाच्या पिंपापाशी,
बेडूक गिळून सुस्तावलेली.
साप, पण बिनविषारी,
कान असते तर जिथे असते
तिथे दोन पिवळे ठिपके.
ढिगात शिरली जाडजूड,
निघाली ती सैल कातडीनं, दमलेली,
माझ्याकडे न बघता.
आत ऊब आहे ना :
बटाट्याची सालं, गवत, घोड्याची लीद,
मागच्या हिवाळ्यात आजारी होते तेव्हा
शेजारणींनी आणलेलं, मला न गेलेलं सूप.

सासू म्हणायची, जाल्तिस अंगणात असला
की घराला कुणाची नजर लागत नाही.
तिचं मी आयुष्यभर काही ऐकलं नाही.
हे एवढं ऐकते.

गुरुवारी झिग्मास गाडीपाशी मोठ्यानं म्हणाला,
"अल्दोना उकिरड्यावर वेटोळं घालून बसलीय.
खाली सोनं पुरलंय बहुतेक."
यानीना हसली, सुट्टे पैसे हातातून सांडेपर्यंत.
मी ब्रेड घेतला आणि साखर विसरले.
चार दिवस चहा तसाच, रागाबरोबर.

मग एका रात्री कुत्रं भुंकलं, आणि गप्प झालं :
म्हणजे ओळखीचं माणूस.
खिडकीखाली काटेफावडं.
खस्स. खस्स.
उठणार होते. गुडघे म्हणाले, पड.
तिसरी खस्स आलीच नाही.
बराच वेळ काहीच नाही,
फक्त पाइनच्या रानात एक घुबड
तेच तेच विचारत राहिलं.

सकाळी बघते तर ढिगाला एका बाजूला खोक,
खोक बुजवलेली, त्यावर पेंढा, हातानं थापलेला,
आणि पेंढ्यावर कोट.
तो काळा, जाड, ओनुतेला पोचवायला
घातला होता तो. मग कधी न घातलेला.
चारी कोपऱ्यांवर चार दगड.
रात्री गार पडायला लागल्या होत्या.

मी काही बोलले नाही. तोही नाही.
गुरुवारी यानीनानं विचारलं, "दार उघडं होतं तुझं,
खुंटीवर कोट दिसला नाही?"
"धुवायला टाकलाय," झिग्मास म्हणाला
आणि काडेपेट्या मोजत बसला,
दोनच होत्या.

सप्टेंबरात नातवंडं शाळेला परत गेली,
आणि मग फुटली अंडी,
बघायला जोगती पोरं गावात नसताना.
पेन्सिलीएवढाली, ओली, काळी,
प्रत्येकीला ते दोन ठिपके, जन्मापासूनच.
अकरा मोजली. बारावं
कोटाच्या खिशातून डोकं काढून
जीभ लववत बसलं होतं,
घर मिळाल्यासारखं.
कुंपणाशी जाऊन हाक मारली.
झिग्मास आला, टोपी काढून उभा राहिला.
एकशे एकावन्न वर्षं दोघांची मिळून,
आणि दोघांना एक शब्द सुचेना.
"ओनुते भ्यायची सापांना," शेवटी म्हणाला.
मग म्हणाला, "पण हे बघितलं असतं तिनं."

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
आमच्याला सहाच लागली.

पुढच्या आठवड्यात दोन गाड्या खत नेलं त्यानं.
तिसरी मीच भरली.
चाक करकरत गेलं त्याच्या दारापर्यंत.
कोट अजून माझ्या खुंटीवर आहे,
हातगाडी त्याच्याकडे.